चार गल्ल्यांचे चार हजार किलोमीटर

मी, खाली सही करणारी, वय वर्षे एकाहत्तर, श्रवणयंत्रे दुरुस्त करता करता निवृत्त झालेली, अविवाहित आणि त्याबद्दल काडीची तक्रार नसलेली, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत, राजीखुशीने आणि दोन कप चहा पिऊन लिहीत आहे. शुक्रवारी माझ्या हृदयाची झडप बदलणार आहेत. डॉक्टर म्हणाले, शंभरातले अठ्ठ्याण्णव हसत घरी जातात. शाळेत माझा नंबर कायम शेवटून दुसरा, म्हणून ही तजवीज. समोर बसलेल्या वकीलबाई "मुद्द्याचं लिहा" म्हणत आहेत.

१. राहते घर माझ्या पुतणीस. दादाची मुलगी असूनही ती दर रविवारी येते. दादाचा विषय या घरात काढायचा नाही, हा माझा दम तिने नऊ वर्षे पाळला. अट एकच : गच्चीवरची एरियलची तार काढायची नाही आणि तिच्यावर टॉवेल वाळत घालायचे नाहीत.

२. बँकेतले जे असेल तेही तिलाच.

३. सोल्डरिंगची हत्यारे, भिंग आणि चिमटे कोपऱ्यावरच्या मोबाइलवाल्यास. "आजी, या वयात?" असे तो म्हणाला होता. घे बाबा, आणि माझ्यासारखा एक टाका मारून दाखव.

४. बाबांची मोर्सचे संदेश ठोकायची पितळी चावी. दादा आणि मी दोघेही परवानाधारक हौशी रेडिओवाले. चावी बाबांनी दादाला दिली होती. नऊ वर्षांपूर्वी क्लबात, भर सभेत, दादा म्हणाला, "चिंगीचं मोर्स म्हणजे कोंबडी दाणे टिपते!" सगळे खो खो हसले. मी त्याच्या टेबलावरची चावी उचलली आणि घरी आले. त्याने मागितली नाही, मी दिली नाही, तेव्हापासून अबोला. चावी दादाला परत द्यावी. कोंबडीबद्दल मात्र माफी नाही.

५. आता माझी खरी इस्टेट. सुट्या भागांचा संच मागवून मी स्वतः जोडलेले बीकन यंत्र. तळहाताएवढे, ताकद बॅटरीच्या बल्बाहून कमी. तीन कड्यांवर केसासारखी तार गुंडाळायची; एक वेढा जास्त झाला म्हणून मी दोनदा सगळे उलगडले. दर दहा मिनिटांनी ते आपले नाव-ठिकाण हवेत सोडते आणि ज्यांचे रेडिओ ते ऐकतात त्यांची यादी, मी यंत्रात भरलेल्या ठिकाणापासूनच्या अंतरासह, संगणकावर उमटते. पहिल्याच दिवशी सात जणांनी ऐकले! मी स्वयंपाकघरात नाचले, बिघडलेल्या झडपेसकट.

आठवे नाव दादाचे होते. अंतर : चार हजार किलोमीटर.

म्हणजे हा गृहस्थ मला न सांगता परदेशी निघून गेला! गेले अकरा दिवस तिथून माझे यंत्र ऐकतो आहे, आणि तोंडातून शब्द नाही. मला फार लागले हे. शुक्रवारी मी त्या उरलेल्या दोघांत निघाले, तर भाऊ भेटायचा राहिलाच. तरीही यंत्र त्यालाच द्यावे. ते एवढ्या लांब पोचवायचे कसे, हे वकीलबाई

(इथे बेल वाजली. पुढचे अक्षर वाकडे आहे, ते हसण्यामुळे.)

दारात दादा. पायात दोन वेगवेगळ्या चपला.

"चिंगे, बुडालीस की काय?"

"तू परदेशातून कधी आलास?"

"कसला परदेश! चार गल्ल्या चालून आलोय. अगं, तुझं यंत्र अकरा दिवस सांगतंय की तू भर समुद्रात आहेस! ठिकाण घालताना अक्षांशात उत्तरेच्या जागी दक्षिण घातलीस. म्हटलं, आज कोणी सांगेल, उद्या सांगेल. शेवटी म्हटलं, खड्ड्यात गेला तो अबोला, हिला जमिनीवर आणायला हवं."

वकीलबाईंनी चष्मा काढून डोळे पुसले. साक्षीला येणारी शेजारीण दातवाल्याकडे अडकली होती. दादाने पेन उचलले. "मी करतो साक्षीदाराची सही."

"ज्याला काही मिळणार, त्याची साक्ष चालत नाही," वकीलबाई म्हणाल्या.

"मग मला काही नको. सही करतो."

"नको कसं? मेल्यावर कशाला, आत्ताच घे!" मी म्हणाले.

सबब कलम ४ आणि ५ रद्द. चावी आणि यंत्र मी आज, जिवंतपणी, स्वतःच्या हाताने दादास दिली आहेत. चावी हातात येताच त्याने टेबलावर ठोकले : "कोंबडी मीच." मीही ठोकून उत्तर दिले. ते इथे लिहिण्यासारखे नाही. मग त्याने यंत्रातले ठिकाण दुरुस्त केले आणि दहा मिनिटे आम्ही दोघे संगणकाकडे बघत बसलो. यादी आली. तिच्यातले दादाच्या घरच्या रेडिओचे अंतर खाली त्याच्या सहीपुढे जसेच्या तसे उतरवले आहे.

स्थळ : जमिनीवर, माझे स्वयंपाकघर
दिनांक : नऊ, मंगळवार, सकाळी अकरा
सही : चिंगी
साक्षीदार पहिल्या : वकीलबाई
साक्षीदार दुसरा : दादा. अंतर : शून्य किलोमीटर.