आईच्या बाजूची जाळी

९ एप्रिल

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न.

बाबांचं पत्र मिळालं. बाबा, फोनवर तुम्ही ‘बरं आहे’च्या पुढे सरकत नाही आणि कागदावर मात्र गाडीच्या पोटातलं सगळं बाहेर काढता. त्यामुळे आपलं पत्रांचंच चालू राहू दे.

एसी थंड करत नाही, सकाळी शिवणाच्या दुकानात सोडताना आई घामाने चिंब होते आणि श्वास कोंडतो म्हणते, हे वाचून काळजी वाटली. पण घाबरायचं नाही, एकेक करून तपासायचं. आधी डॅशबोर्डचा कप्पा काढून त्यामागचा फिल्टर बघा, तो धुळीने भरला असेल. मग बॉनेटच्या आत पुढे जी जाळी आहे ती साध्या पाण्याने, हलक्या हाताने धुवा. शेवटी इंजिन चालू ठेवून एसीचं बटण दाबा आणि कॉम्प्रेसरचा टक् असा आवाज येतो का ते ऐका. त्याला दुसरं माणूस लागेल. आईला बॉनेटपाशी उभं करा, फक्त भांडू नका.

वर्गात मी मुलांना हेच सांगते, की कुठलंही यंत्र उगाच रुसत नाही. कारण असतं आणि शोधलं की सापडतं. घरात पहिली पदवी आली, तिचा निदान गाडीला तरी उपयोग होऊ दे.

तुमच्या भांडणासकट तुम्ही दोघं हवी असलेली,
मास्तरीण

१८ एप्रिल

चि. मास्तरीणबाई,
अ. उ. आ.

तू दिलेला अभ्यास पुरा केला. फिल्टरमध्ये धूळ कमी आणि तुझ्या आईच्या कपड्यांवरून उडालेले दोऱ्यांचे तुकडेच जास्त निघाले. मी म्हटलं, बघ, एसी कोणी बिघडवला ते. त्यावर ती म्हणाली, दोरे निघाले म्हणून माझं नाव, आणि तुमच्या विडीचा वास निघाला असता तर?

फिल्टर नवा बसवला. जाळी धुतली. आवाजासाठी तिला उभं केलं, तर जन्मभर शिलाई मशीन चालवून तिचे कान गेलेत. मी विचारतो, आला का? ती विचारते, कोण? शेवटी ती आत बसली आणि मी बाहेर ऐकलं. टक् होतं, पण लगेच सुटतं, मग पुन्हा टक्. हवा जोरात येते पण कोमटच. तुझी आई काल दुकानाचा जिना चढताना मध्येच बसली. या उकाड्याने ती हैराण झाली आहे, म्हणून लवकर कळव.

रस्त्याकडे आणि तुझ्या पत्राकडे डोळे लावलेला,
बाबा

ता. क. बाळे, मी आई. हे उगाच बाऊ करतात. माझं काही नाही, उकाडा आहे आणि डावा हात मशीनने भरून येतो, एवढंच. यांच्या टॅक्सीत गिऱ्हाईक मागे बसतं, त्याला गार हवा हवी, म्हणून गाडीचं तेवढं सांग. तू नीट जेव. कपाटाच्या चाव्या हरवू नकोस.

२५ एप्रिल

ती. बाबा आणि ती. आई,
शि. सा. न.

बाबा, आता हात आवरा. टक् होऊन लगेच सुटतं याचा अर्थ बहुधा एसीतला गॅस कमी झाला आहे. गॅस पेट्रोलसारखा संपत नाही. तो कमी झाला म्हणजे कुठून तरी गळतो आहे. ते घरी बघायचं काम नाही. कोणी डबा आणून भरून देतो म्हणाला तरी भरू देऊ नका. गॅस अंगावर उडाला तर त्वचा जळते, डोळा जाऊ शकतो. एसीचंच काम करणाऱ्या मेकॅनिककडे जा, आधी गळती शोधायला लावा, मगच गॅस भरा. आपल्या हातात कुठवर आहे ते ओळखणं हाही अभ्यासच आहे, असं मी मुलांना सांगते.

आई, हातासाठी खुर्चीवर उशी घे. मशीन उंच पडत असेल, खांदा वर राहतो म्हणून हात भरतो. आणि गाडी गार झाली की श्वासाचंही बरं होईल. सुट्टी लागली की मी येतेच. तिघं मिळून लांब फिरून येऊ, काचा बंद करून.

उशीची चौकशी पुढच्या पत्रात करणारी,
मास्तरीण

३ जून

चि. मास्तरीणबाई,
अ. उ. आ.

तू इथे होतीस तेव्हा बोलायला जमलं नाही. माणसं येत होती, आणि तू एका खोलीत, मी दुसरीत. तुला फक्त दवाखान्यातलं माहीत आहे. त्याआधीचं लिहितो.

त्या दिवशी मेकॅनिककडून गाडी घेतली. एक नळी सांध्याशी गळत होती, तू म्हणालीस तसंच. त्याने एसी लावून डॅशबोर्डवरच्या हवेच्या एकेका जाळीसमोर हात धरला. तुझ्या आईच्या बाजूची जाळी पार माझ्याकडे वळलेली होती. त्याने ती सरळ केली आणि म्हणाला, काका, इकडची हवाही तुम्हीच खात होता की.

तिला दुकानातून घेतलं. गाडी अशी गार, की मला शर्टाचं वरचं बटण लावावंसं वाटलं. ती बसली, आणि पहिला हात त्या जाळीकडे. पुन्हा माझ्याकडे वळवली. मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच दुरुस्त केलंय. ती म्हणाली, “चालवता तुम्ही. मला काय, बसायचंच तर आहे.”

तिचा हात परत जाताना मी पाहिला. ओला होता. कपाळावर घाम, गळ्यावर घाम, आणि गाडीत तर थंडी. तेव्हा कळलं, की उकाडा गाडीत नव्हताच. तिथूनच गाडी दवाखान्याकडे वळवली. डॉक्टर म्हणाले, हृदय बरेच दिवस सांगत होतं.

पुढचं तुला ठाऊक आहे. तू तिकडून धावत आलीस, तोवर सगळं संपलं होतं.

तू स्वतःला बोल लावतेस हे मला कळतं. नको लावू. तुझं गाडीचं सगळं बरोबर होतं. तिच्या शेजारी रोज मी बसत होतो.

एक विचारतो. मलाही रात्री झोप नाही, छातीवर वजन ठेवल्यासारखं वाटतं. दुःखाचंच असेल. काही घरगुती उपाय असला तर लिही.

पाठवायला आशीर्वादांखेरीज काही न उरलेला,
बाबा

११ जून

ती. बाबा,
शि. सा. न.

उपाय लिहीत नाही. मला विचारू नका, आणि दुःखाचं असेल असंही ठरवू नका. पत्र वाचून झालं की गाडी काढा आणि हृदयाच्या डॉक्टरांकडे जा, आजच. तपासणी होऊ दे. मग ते दुःखच निघालं, तर ते आपण दोघं मिळून वागवू. पत्र पोचायच्या आधी मी फोन करीन. या वेळी ‘बरं आहे’ चालणार नाही.

मी वर्गात आता ते वाक्य म्हणत नाही. परवा एका मुलीने विचारलं, बाई, यंत्र रुसत नाही ना? मी फळा पुसत राहिले.

आईच्या उशीची चौकशी करायची राहिली. तिने ती घेतली होती का, हे तुम्हाला आठवत असेल तर सांगा. नसेल तर नका सांगू.

शनिवारी रात्रीच्या गाडीने येते आहे. न्यायला या. मी पुढे बसेन, तिच्या जागेवर. एसी लावा. ती जाळी मात्र सरळ करू नका, तुमच्याकडेच राहू दे. चालवणार तुम्ही आहात.

तुमच्या शेजारी बसायला निघालेली,
मास्तरीण