आठाची बस

२५ नोव्हेंबर १९९६, सोमवार. सकाळी.
आजपासून रोजनिशी. कोणीही वाचायची नाही. बायकोने, म्हणजे मंगलाने, तर मुळीच नाही.
आयुष्यात पहिल्यांदा माझ्या लायकीचं काम आलं आहे. सुरत पूर्वेला वाढत सुटली आहे. गोडादरा, पर्वत पाटिया या बाजूसाठी एक मोठं बस-केंद्र हवं, आणि ते नेमकं कुठे करायचं हे मी ठरवणार. मी! कारण तिकडचे बहुतेक लूमवाले खानदेशातले, आणि अख्ख्या ऑफिसात मराठी येणारा मी एकटा. जरीवाला साहेब म्हणाले, तमारा ज माणसो छे, मधुकरभाई. सांगली कुठे, अमळनेर कुठे! पण मराठी ती मराठी.
काम चोख झालं तर सहायक नियोजकाची कायम जागा. सहा वर्षं टेंपररी आहे. सासऱ्यांना मात्र 'कायम झालो' असं मागेच कळवलेलं आहे. त्यामुळे होणं भाग आहे.
संकल्प : रोज पाचला उठणे. गाडीवरचा लोचो खाणे बंद. कोणावर चिडायचं नाही.

२६ नोव्हेंबर.
सव्वासातला उठलो. थंडीत पाच म्हणजे सव्वासातच. दिवसभर बसून प्रश्नावली तयार केली. दोनच प्रश्न : बस कुठे पकडता? किती वाजता? उत्तर माणसाच्या तोंडून येईल तसंच्या तसं लिहायचं, ही शास्त्रीय पद्धत. साहेबांनी सुचवलं की बरोबर तिकडचा कोणीतरी माणूस घ्या. मराठी माणसाशी बोलायला मराठी माणसाला दुभाषी! हसलो.

२७ नोव्हेंबर. रात्री.
गोडादऱ्यात हेमराजच्या पंक्चरच्या दुकानासमोर बाकड्यावर बैठक मांडली. हेमराज कमी बोलतो, ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत बसतो.
पहिला माणूस सुकदेव, लूमवर आहे. विचारलं, बस कुठे पकडता? म्हणाला, बस आठेच येस. प्रश्न 'कुठे'चा, उत्तर 'कधी'चं! पण शेवटी चक्क 'येस' म्हणाला. कामगारवर्गात इंग्रजी पोचलेली पाहून बरं वाटलं.
मग सरलाबाई. ही मार्केटातून साड्यांचं गाठोडं घरी आणून टिकल्या लावते. हिला नीट सावकाश विचारलं. म्हणाली, आमी आठेच उभा ऱ्हातस भाऊ, आमले आठेच बरं शे. हिलाही आठच बरं! किती वाजता विचारलं, तर म्हणते, जव्हय ई तव्हय. जव्हय नावाचा स्टॉप नकाशात सापडत नाही. शोधणे.
मागे सारखी बस येऊन थांबत होती. लोक माझ्या बाकड्यावर पाय देऊन चढत होते, फॉर्म चुरगळले. सर्वेक्षणात फार व्यत्यय.
लोचो खाल्ला. उभ्याने खाल्ला, तो धरायचा नाही.

६ डिसेंबर.
फॉर्म १४०. सगळे आठ. एकही माणूस सात किंवा नऊ म्हणत नाही. हेमराजला विचारलं, तर त्यानेही नुसतं 'आठेच' म्हणून पाना जमिनीकडे केला. पाना का केला, कळलं नाही. त्यांची लकब असावी.

१४ डिसेंबर.
फॉर्म ३१२. सर्वेक्षण संपलं. आंघोळ करताना एकदम प्रकाश पडला. ही सगळी माणसं आठ वाजता निघतात. म्हणजे आठ वाजता सगळ्यांना एकदम उभं राहायला जागा पाहिजे, सगळ्या बसही एकदम उभ्या राहिल्या पाहिजेत. गोडादऱ्याच्या त्या बोळकांडीत हे शक्यच नाही. मोकळं मैदान हवं!
मंगलाला म्हटलं, सगळे आठ म्हणतात. ती लिंबायतच्या मराठी शाळेत शिकवते, वर्गातली निम्मी पोरं तिकडचीच. म्हणाली, असं कसं असेल अहो, लूमवाल्यांच्या तर पाळ्या असतात. दाखवा पाहू फॉर्म. मी म्हटलं, गोपनीय आहेत. बायकांना नियोजनातलं कळत नाही. (चिडलो नाही.)

३१ डिसेंबर.
जागा सापडली! पर्वत पाटियाच्याही पुढे, बारडोली रस्त्याला. ऐसपैस. शेजारी ऊस, वारा छान. गोडादऱ्याहून जेमतेम अडीच किलोमीटर. चालणं प्रकृतीला चांगलंच. मी रिक्षाने गेलो होतो.
अहवाल पूर्ण, सत्तर पानं. त्यात आठ वाजताचा आलेख तर असा आलाय की आडवं काही नाहीच, एकच उभी रेघ. साहेब बराच वेळ बघत राहिले.

१४ जानेवारी १९९७. उत्तरायण.
साहेबांच्या गच्चीवर उंधियो. साहेबांनी सांगितलं, अहवाल वर पसंत पडला. आधी पत्र्याची शेड टाकून महिनाभर बघणार, चाललं तर पक्कं बांधकाम. शेडवर पाटी लागेल. पाटीच्या खाली डाव्या कोपऱ्यात 'आखणी : म. ना. केळशीकर' असं असावं, हे मीच नम्रपणे सुचवलं.
माझी पतंग पहिल्याच पेचात कटली. मांजा हलका होता.

३ फेब्रुवारी, सोमवार.
आज केंद्र सुरू. पावणेआठलाच पोचलो, नवा शर्ट घालून.
८.०० : चौदा बस हजर. प्रवासी : एक. नीट पाहिलं तर तो पेंटर, पाटीचे पैसे मागायला आला होता.
८.३० : ड्रायव्हर लोकांनी पत्ते काढले. पहिला दिवस आहे. लोकांना सवय व्हायची आहे.

१० फेब्रुवारी.
शेडमध्ये गर्दी! लांबूनच आनंद झाला. जवळ गेलो तर उसाच्या बैलगाड्या. कारखान्याकडे जाताना बैलांना सावली बरी पडते म्हणे. वापर होतोय हे महत्त्वाचं. तक्त्यात 'इतर वाहनं' असा रकाना वाढवला.

१७ फेब्रुवारी.
वाटेत सरलाबाई भेटली. डोक्यावर साड्यांचं गाठोडं, घामाघूम. बस आता दुकानासमोर थांबत नाही म्हणून अडीच किलोमीटर चालत आली होती. उसाच्या पाटाजवळ घसरून पडली, गुडघा फुटला, दोन साड्यांना चिखल लागला. शेठ आता काम देईल की नाही, म्हणत होती. मी म्हटलं, बाई, आठला या, गर्दीत सोबत होईल. तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी वही उघडून काहीतरी लिहू लागलो.

२४ फेब्रुवारी.
साहेबांचा फोन : मोटो लोचो थई गयो छे, जल्दी आवो. जाताना अर्धा किलो घेऊन गेलो, वर शेव वेगळी. साहेबांनी पुडा उघडलाही नाही. म्हणाले, उद्या गोडादऱ्याला, मी स्वतः येतो, लोकांसमोर विचारू.
संकल्प : डगमगायचं नाही. माझ्याकडे ३१२ फॉर्म आहेत.

२५ फेब्रुवारी. रात्री.
हेमराजच्या दुकानासमोर पन्नासेक माणसं जमली होती. मंगलाही शाळा सुटल्यावर आली, मी बोलावलं नव्हतं. मी सरलाबाईचा फॉर्म काढून साहेबांसमोर मोठ्याने वाचला : आमी आठेच उभा ऱ्हातस. म्हटलं, बाई, हे तुम्हीच म्हणाला होतात की नाही?
सरलाबाई म्हणाली, हाऊ, मी तुमले सांगेल व्हतं ना! आठे म्हंजे आठे! आणि जखमी पाय जमिनीवर आपटला. हेमराजने पान्याने त्याच जागेकडे दाखवलं. सुकदेव शेडच्या दिशेने हात करून ओरडला, तठलोंग गाठोडं कोण ली जाई?
मंगलाने माझ्या हातातला फॉर्म घेतला, वाचला, आणि अगदी हळू म्हणाली, अहो, आठे म्हणजे इथे.
हसले सगळे. साहेबांना कोणीतरी गुजरातीत सांगितलं, मग साहेबही. सरलाबाई तेवढी हसली नाही.
घरी येऊन सगळे फॉर्म पुन्हा वाचले. बस इथेच येते. आम्ही इथेच उभे राहतो. इथेच. इथेच. तीनशे बारा वेळा. बस माझ्या पाठीमागेच थांबत होती आणि मी त्यांना 'जरा बाजूला व्हा' म्हणत होतो. फार लाज वाटली. मंगलाने चहा आणून ठेवला आणि चुरगळलेले फॉर्म एकेक करून सरळ केले. त्याने जास्त वाटली.

३ मार्च, सोमवार.
केंद्र रद्द. बस पुन्हा हेमराजच्या दुकानासमोर. सुकदेव आणि मंडळींनी ती पाटी हातगाडीवर घालून आणली आणि इथे ठोकली. डाव्या कोपऱ्यावर हेमराजने ट्यूब लटकवली आहे, त्यामुळे माझं नाव दिसत नाही. सांगितलं पाहिजे. नंतर.
सरलाबाईचं काम सुटलं नाही. मंगलाने त्या साड्या घरी आणून धुऊन दिल्या. मी वाळत घालायला मदत केली, शेजारणीच्या देखत.
कायम जागा दुसऱ्याला मिळाली. मला याच बाकड्यावर बसून बस किती वाजता येतात ते टिपायचं आहे. जबाबदारीचं काम आहे, असं सासऱ्यांना लिहीन.
साडेनऊला एक गृहस्थ आले. हातात ब्रीफकेस, भाषा थेट आमच्या सांगलीची. विचारलं, काय हो, मार्केटची बस कुठे येते? मी या भागात आता मुरलो आहे. आत्मविश्वासाने म्हटलं, आठेच.
त्यांनी घड्याळ पाहिलं, च्च केलं, म्हणजे गेलीच की, म्हणाले, आणि रिक्षा करून निघून गेले.
पाठोपाठ बस आली. नऊ बत्तीस. टिपली.