दहाव्या दिवसापासून वैध

४ मार्च

पोचले बाई एकदाची! इतकी वर्षं ट्रॅव्हल एजन्सीच्या काउंटरवर बसून लोकांना जगभर पाठवलं आणि स्वतः विमानात पाऊल ठेवलं ते आत्ता. सीटबेल्ट कसा सोडवायचा हे शेजारच्या आजोबांना विचारावं लागलं. पोटासाठी मी काय करते ते त्यांना सांगितलं नाही.

ही डायरी साहेबांनी दिली. म्हणाले, जाताच आहात तर सगळं टिपून ठेवा, गिऱ्हाइकांना सांगायला होईल. तर टिपते. पासपोर्ट उतरल्यापासून सहा महिने तरी चालू हवा आणि त्यात कोरी पानं हवीत. परतीचं तिकीट छापून हातात ठेवावं. मोबाइलवर दाखवतो म्हणणारे अजून रांगेबाहेर उभे असतील. ज्याच्याकडे उतरणार त्याचं पत्र. आणि पिवळ्या तापाच्या लशीचं पिवळं कार्ड. ते पासपोर्टच्याही आधी बघतात. बाहेर पडलं की कुणी ओला टॉवेल तोंडावर दाबावा तशी हवा अंगावर येते. सुती कपडे आणा. जीन्स आणलीत तर भोगा.

बर्फवाला न्यायला आला नव्हता. बर्फवाला म्हणजे माझा नवरा. इथल्या बंदरावरच्या शीतगृहातली यंत्रं दुरुस्त करतो, म्हणून मी बर्फवाला म्हणते. तो मला काउंटरवाली म्हणतो. दोन वर्षं हा संसार फोनवर चालला होता. त्याच्याऐवजी कंपनीचा ड्रायव्हर माझ्या नावाची पाटी घेऊन उभा होता. मान खाली. त्याची भाषा मला येत नाही, माझी त्याला. काहीतरी सांगायला गेला आणि मध्येच माझी बॅग उचलून चालायला लागला. मग गाडी भलत्याच रस्त्याने एका मोठ्या पांढऱ्या इमारतीकडे न्यायला लागला. असल्या युक्त्या मी गिऱ्हाइकांना रोज समजावते! पत्त्याच्या चिठ्ठीवर बोट आपटून ‘घरी, घरी’ म्हणून ओरडले. त्याने आरशातून माझ्याकडे पाहिलं आणि गुपचूप गाडी वळवली. टीप: चालक वाट बदलायला लागला तर पत्त्यावर बोट ठेवा, आवाज चढवा. बक्षिसी मात्र त्याने घेतली नाही. नवलच.

तळमजल्यावरची घरमालकीण जिन्यातच भेटली. माझे दोन्ही हात धरून रडायलाच लागली. ओळख ना पाळख, आणि एवढी माया!

वर येऊन दार ढकललं, तर हा कॉटवर बसलेला! मी किंचाळलेच. म्हणाला, दोन दिवस कणकण होती, म्हणून कामावर गेलो नाही; आता एकदम हलकं वाटतंय. वाळलाय. पण हसला तसाच, एका गालाने. हात हातात घेतला तर गार. या उकाड्यात इतकं बरं वाटलं, सोडवेना.

५ मार्च

घर म्हणजे एक खोली, तिला चिकटलेलं स्वयंपाकघर आणि बाथरूम. खिडकीला बारीक जाळी, कॉटवर मच्छरदाणी. टीप: मच्छरदाणी गादीखाली खोचा, नुसती सोडून उपयोग नाही. पाणी उकळून प्या. हिवतापाच्या गोळ्या चुकवू नका. पित्त होतं म्हणून ह्याने कधीच्याच सोडल्यात. त्यावरून आल्या आल्या बोलणी खाल्ली माझी. ऐकून घेतलं बिचाऱ्याने.

दुपारी भावोजींचा फोन. ह्याचा धाकटा भाऊ एरवी फोनवर नुसता हसतो, आज आवाज बसलेला. म्हणाले, वहिनी, मी तिकडे येतोय. कशाला म्हटलं तर म्हणे, काम आहे, समोर आल्यावर सांगतो. माझ्यातली काउंटरवाली जागी झाली. पिवळी लस घेतलीय का? नव्हती घेतली. मग बसा म्हटलं. उद्या टोचून घेतली तरी कार्ड दहाव्या दिवसापासून वैध, त्याआधी विमानातच चढू देत नाहीत. काहीच मार्ग नाही का, असं इतकं कळवळून विचारलं की मला हसूच आलं. म्हणाले, दहा दिवस तुम्ही एकट्या तिथे—

मी म्हटलं, “एकटी कशी? हा काय तुमचा भाऊ शेजारी बसलाय. देऊ?”

मग फोन कटला. इथलं नेटवर्क अगदीच यथातथा आहे, हेही टिपून ठेवते.

७ मार्च

काल-आज बाजार. घरमालकीण सोबत आली. मी दिसले की दुकानदार रेडिओ बारीक करतात. फळवाल्या बाईने एक पपई तशीच हातात ठेवली. इतके सभ्य लोक मी पाहिले नाहीत. भाषा येत नसली तरी अडत नाही. हसावं, मान हलवावी.

कंपनीचे मॅनेजर येऊन गेले. इंग्रजीत बोलले. काही लागलं तर कळवा, बाकी सगळं तुमचे दीर आल्यावर बघू, त्यांनीच तशी विनंती केलीय. माझ्या राहण्याच्या परवान्याबद्दल असावं. चहा तसाच ठेवून गेले. ते असेपर्यंत हा बाथरूममध्ये नळ सोडून बसला होता. मागून विचारलं तर म्हणाला, साहेबांसमोर यायला कसंतरी वाटलं. कामचुकार मेला!

एक गंमत. माझे हात चावून चावून सुजलेत, आणि ह्याच्या अंगावर एक डास बसत नाही. घामही नाही. मी दिवसातून तीनदा कपडे बदलते, ह्याचा तोच निळा शर्ट, इस्त्री मोडलेली नाही. म्हटलं, रक्त बर्फाचं झालंय तुझं. हसला नाही.

९ मार्च

जेवत नाही. ताट घेऊन बसतो, भात इकडून तिकडे करतो. मी पाठ वळवली की ताट तसंच. भूक नाही म्हणतो. पाणीही नको.

गोष्टी विसरतोय. आधी आमच्या गल्लीचं नाव. मग स्वतःच्या आईचं गाव. मी सांगितलं की ‘हां हां’ म्हणतो, पण डोळ्यांत काही हलत नाही. लग्नात त्याच्या बुटांऐवजी दुसऱ्याचेच बूट घालून आम्ही निघालो होतो, ती गोष्ट काढली. नेहमी पुढची गंमत तोच सांगतो. आज म्हणाला, “मग? मग काय झालं?”

फोनवर भावोजी रोज एकच विचारतात: वहिनी, नीट जेवता ना? ह्याच्याशी बोला म्हटलं की त्यांना काहीतरी काम आठवतं. भावाभावांत भांडण झालं असेल तर मला सांगायला काय हरकत आहे? घरमालकीण दुपारची जिन्यात खुर्ची टाकून बसते. आमच्या दाराकडे तोंड करून.

११ मार्च

आज त्याने मला नुसतं ‘अहो’ म्हटलं.

मी थट्टेने म्हटलं, काउंटरवाली कुठे गेली? तर खरंच खोलीत इकडेतिकडे पाहायला लागला. शोधत होता.

ताप डोक्यात गेला की माणसं अशी करतात, असं ऐकलंय. दवाखान्यात चल म्हटलं तर कॉटची कड घट्ट धरून बसला. तिथे खूप थंडी असते म्हणाला. लहान मुलासारखा. उद्या मी एकटीच जाऊन वेळ घेऊन येते. डॉक्टरांना घरी आणता आलं तर फारच बरं.

१२ मार्च

जसं झालं तसं लिहिते. लिहिलं नाही तर डोकं फुटेल.

दवाखाना म्हणजे तीच पांढरी इमारत. काउंटरवर ह्याचं नाव सांगितलं. मुलीने यंत्रात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि आतून एका नर्सला बोलावून आणलं. नर्स आपली भाषा बोलणारी. कानांवर आपली भाषा पडली आणि मला इतका आनंद झाला. भडाभडा सांगून टाकलं, की नवरा आजारी आहे, जेवत नाही, हात गार पडलेत, विसरतोय, घराबाहेर पडायला तयार नाही, डॉक्टर घरी येतील का.

तिने मला बसवलं. म्हणाली, “ताई, तुम्हाला कुणीच काही सांगितलं नाही?”

तीन तारखेला दुपारी. ताप मेंदूत गेला. दोन दिवस तिच्याच वॉर्डात होता. बायको येतेय, तिला घाबरवू नका, मी न्यायला जाणार आहे, असं शुद्ध होती तोवर सांगत होता. तीन तारखेला दुपारी मी विमानतळावर बॅगेचं वजन करत होते. ड्रायव्हरने आधी इकडे आणायचं ठरलं होतं. मग भावोजींनीच सगळ्यांना थांबवलं. तिचं तिथे कुणी नाही, मी येऊन सांगतो म्हणाले. आणि त्यांना यायला उशीर माझ्या— नाही, नियमच तो. पण मी त्यांना तो किती हसत सांगितला.

मी म्हटलं, तुमची चूक होतेय, तो घरी बसलाय. तिने वाद घातला नाही. माझा हात धरून खाली शवागाराकडे घेऊन गेली. जड दार. ते लवकर उघडेना. दारावर खडूने आपल्या लिपीत लिहिलं होतं: ‘ताई, जोरात ओढा.’ अक्षर त्याचं. गेल्या उन्हाळ्यात इथलं यंत्र बिघडलं तेव्हा त्यानेच दुरुस्त केलं, आणि ही नर्स दाराशी झगडायची म्हणून तिच्यासाठी लिहून ठेवलं, असं तिने सांगितलं.

आत तो. निळा शर्ट.

मी कपाळाला हात लावला. गेले आठ दिवस ज्या हाताला धरून बसलेय, तेवढंच गार. कमी नाही, जास्त नाही.

नर्स म्हणाली, दीर येईपर्यंत माझ्या खोलीवर चला. मी नको म्हटलं. तो घरी एकटा आहे, असं तोंडातून निघून गेलं. ती रडायला लागली.

परतले. दार उघडलं. खिडकीपाशी उन्हात बसला होता. म्हणाला, “काय म्हणाले डॉक्टर?”

मी म्हटलं, अशक्तपणा आहे. बरं वाटेल.

१३ मार्च

त्याला माहीत नाही. त्याला काहीच माहीत नाही.

विचारत होता, धाकटा कशाला येतोय? मी म्हटलं, समुद्र बघायला. तो खूश झाला. सगळ्यांनी मला जसं फसवलं तशी आता मी त्याला फसवतेय. ते का गप्प राहिले ते आज कळलं.

केस विंचरले त्याचे. मानेवर बोट टेकलं तिथे खळगा पडला. तो भरून आला नाही. अंगाला थंड लोखंडाचा आणि औषधाचा वास. मी कॉलर वर करून खळगा झाकला. मग बाथरूममध्ये जाऊन तोंडात टॉवेल कोंबून—

भीती वाटते. खूप वाटते. पण ज्याची भीती वाटते त्या चेहऱ्यावर हसू त्याचं आहे, एका गालाचं. सोडून कुठे जाऊ?

१४ मार्च

आज अगदी अदबीने मला म्हणाला, “आपण कुणाकडे उतरलाय?”

मी म्हटलं, नवऱ्याकडे.

म्हणाला, “अरे वा. माझीही बायको यायचीय. मला न्यायला जायचंय तिला.” आणि उठून चपला शोधायला लागला. दिवसभर शोधत होता. कॉटखाली, मोरीत, उशीखाली. मी इथेच आहे रे. मी आलेय. किती वेळा सांगितलं. तो मान डोलावतो आणि पुन्हा वाकतो—

१५ मार्च

चपला शोधायचं थांबवलंय. आता माझं डावं मनगट धरून बसतो. मी उठले की पकड घट्ट होते. बोटं निळी पडलीत माझी. रागाने धरत नाही. बुडणारा धरतो तसं—

पाण्याचं भांडं त्या टोकाला. सोडवून घेतलं असतं तर सुटला असता हात. नाही सोडवला.

भर दुपारी थंडी. कांबळं घेतलं. घाम यायचा थांबलाय.

१६ मार्च

भावोजींचं कार्ड आजपासून चालेल. निघाले असतील. ते आले की सह्या होतील, त्याला पेटीत घालतील, विमानात चढवतील. मग ह्या खोलीत—

त्याला कळेल मग.

घरमालकीण दारातून हाका मारत होती. मी ओ दिली. पुन्हा मारली, पुन्हा दिली. ती हाका मारतच राहिली. तिला ऐकू कमी येत असेल.

भूक नाही. हलकं वाटतंय.

१७ मार्च

भावोजींचा आवाज. खालून. जिना चढतायत, घरमालकीण, नर्सपण बरोबर—

वहिनी, वहिनी— दार वाजवतायत. मी म्हणतेय, या ना, कडी नाही लावलेली, दार जड आहे, ढकला. घशातून नीट येतोय आवाज. मला येतोय ऐकू. ते नर्सला सांगतायत, आतून काहीच चाहूल नाही. रडतायत भावोजी. अहो, मी इथे आहे, दारापासून हातभर—

उठता येत नाही.

खांदा मारतायत दाराला—

त्याने माझ्याकडे वळून पाहिलं. इतक्या दिवसांनी, नीट. डोळे भरलेत. हात आता गार लागत नाही त्याचा, माझ्यासारखाच लागतो. म्हणतोय, “आलीस? काउंटरवाली, किती वाट पाहिली. त्रास नाही ना झाला वाटेत? चल, मी तुला—