टाकीचं काम जवळजवळ झालंय

२ एप्रिल, सकाळ
सासऱ्यांचा फोन. डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, या महिन्यानंतर गाडी चालवायची नाही. म्हणून पुढच्या रविवारी येऊन आपली जुनी गाडी शेवटची चालवणार, सासूबाईंना शेजारी बसवून. गाडी वर्षभर माझ्या गॅरेजमध्ये, माझ्या भरवशावर. विचारलं, टाकी भरलेली ठेवता ना? म्हटलं, अर्थात.

ठेवत नाही. रिकामी आहे. भरलेलं पेट्रोल नुसतं उडून जातं, असा माझा शास्त्रीय विचार होता.

३ एप्रिल
टाकीत टॉर्च मारला. रिकाम्या टाकीत दमट हवा शिरून गंज धरलाय. थोडासाच. म्हणजे दिसतो तेवढा.

बायको म्हणाली, मेकॅनिकला बोलाव. मेकॅनिक सासऱ्यांचा जुना दोस्त. संध्याकाळपर्यंत बातमी तिकडे. स्वतःच करायचं ठरवलं.

५ एप्रिल
टाकी उतरवली. आत मूठभर नट टाकून खळखळा हलवली. गंज सुटला. कंबर धरली. दोन-तीन नट बाहेर येत नाहीत. येतील.

बायकोने विचारलं, बाबांना खरं सांगितलंस का. दुरुस्ती झाल्यावर सांगणंच शहाणपणाचं.

७ एप्रिल, दुपार
टाकी धुतली. बायकोच्या हेअर ड्रायरने वाळवली. ड्रायरला वास लागलाय, ते नंतर बघू. आतून कोटिंग दिलं. डब्यावर लिहिलंय, आठवडाभर सुकू द्या. कंपन्या उगाच वाढवून लिहितात.

९ एप्रिल
टाकी चढवली, पेट्रोल भरलं, गाडी सुरू. फाटकापर्यंत मागे-पुढे केली. उगाच जिवाला घोर लावून घेतला होता. तरी झोप लागत नाही. चहा कमी करायला हवा.

१० एप्रिल, रविवार
सासरे इस्त्रीच्या शर्टात. बसण्याआधी स्टिअरिंग रुमालाने पुसलं. सासूबाई शेजारी, मी मागे. कोपऱ्यावरच्या चढावर गाडीने आचके दिले आणि बंद. पुन्हा सुरू, पुन्हा बंद. मागे हॉर्न. ओल्या कोटिंगचे पापुद्रे सुटून पाईपमध्ये अडकले, हे मला तिथेच कळलं. सांगायला तोंड उघडलं.

तेवढ्यात सासरे म्हणाले, गाडीचा दोष नाही, माझाच पाय क्लचवर बसत नाही. डॉक्टरांचं बरोबर आहे.

मी म्हटलं, असू द्या बाबा, वयोमानाने होतं.

हे माझ्या तोंडून कसं गेलं, कळत नाही. लाज वाटते.

११ एप्रिल
बायको बोलत नाही. बोलली ते एवढंच, की बाबा काल जेवले नाहीत. महिना संपायला अजून अवकाश आहे, खरं कळलं तर टाकी नीट करून ते पुन्हा चालवतील.

पटलं. लगेच फोन लावला. वाक्य जुळवून ठेवलं होतं. सासऱ्यांनीच उचलला. मी काही बोलायच्या आत त्यांनी माझी माफी मागितली. म्हणाले, तुम्ही एवढी जपलेली गाडी, माझ्या हातून काही बिघडलं तर नाही ना?

म्हटलं, नाही हो, विशेष काही नाही.