सुकलालचा गोवर

शोभावहिनी,

“गोवर एकदा निघाला की त्या माणसाला पुन्हा शिवत नाही,” असं माय सांगायची. काल मी तेच म्हणालो, तर तुम्ही हसलात, “म्हणजे भाऊजी, तुम्ही भाजलेलं मडकं!” आणि सुकलालकडे जाऊ दिलंत. लूमवरचे त्याचे सोबती भिऊन खोली सोडून गेलेत, पाणी द्यायलाही कुणी नाही. तुमची जुनी चादर नेतोय. दादाजवळ भाकरी द्या, पण ओट्यावर ठेवून त्याने तसंच मागे फिरावं. शकू काकासाठी रडेल, तरी तिला आणू नका. सुकलाल उठला तरी मी पंधरा दिवस घरी येणार नाही.

वहिनी, गोवर आमच्या ताईला निघाला होता. मला तेव्हा मामाकडे ठेवलं होतं. मला तो कधी निघालाच नाही.

दगा