चार्ज कोणाकडे

२ फेब्रुवारी १९७३
डॉक्टर बदली होऊन गेले. नवे येईपर्यंत दवाखान्याचा चार्ज माझ्याकडे. जाताना म्हणाले, "फार तर पंधरा दिवस, सिस्टर." मंदाला कोल्हारहून, आईकडून, इकडं आणायचं ठरत होतं. हे गेले, मी नोकरी धरली, तेव्हापासून पोर तिकडंच. आता पुन्हा लांबलं.

१९ मार्च
नवे डॉक्टर नाहीतच. गावात माझं नाव "चार्जबाई" पडलंय. सोनाबाई सुईण विचारत होती, "चार्ज म्हंजी काय वो बाई?"
म्हटलं, जबाबदारी. ओझं.
"मंग ठिवा की खाली उतरून."
हसले. मग हसू आलं नाही.

४ एप्रिल
दुष्काळी खडीच्या कामावरच्या बायकांना जुलाब. प्यायचं पाणीच तसलं. एक फारच गळाली. पाथर्डीला न्यायची तर जीप सुरू होईना. ड्रायव्हर म्हणतो, बॅटरी चार्ज न्हाई. याच्याही तोंडी तोच शब्द! बैलगाडीतून नेली. जगली.

१२ एप्रिल
धाकटा भाऊ दत्तू आला. मंदाला गोवर, ताप हटत नाही. तशीच पाथर्डीला, तालुक्याच्या डॉक्टरसाहेबांकडे गेले, रजा मागितली.
"चार्ज कोणाला देता?"
"कोणीच नाही, साहेब."
"मग रजा कशी? परस्पर गेलात तर चार्जशीट निघेल."
चार्ज दिल्याशिवाय जायचं नाही, गेले तर माझ्यावरच चार्ज. परत आले, कडी लावून बसले. बाहेर ओट्यावर दत्तू. पिशवी मांडीवर घेऊन, निघायच्या तयारीत.

१३ एप्रिल
किल्ल्या सोनाबाईच्या हातात दिल्या. "जावा तुमी. बाळातपनं बघते म्या. सुईला हात न्हाई लावायची." पहिल्या एस.टी.नं निघालो. नगरपर्यंत वाटत होतं, कोणीतरी गाडी थांबवून मला उतरवणार.

१४ एप्रिल, कोल्हार
मंदाचा ताप उतरलाय. अंगावर पुरळ आहे, पण डोळे स्वच्छ. हात फिरवायला गेले तर पोर माझ्या आईच्या पदराआड.
"ह्या कोण?"
"अगं, तुझी आई ना ती."
माझी पांढरी साडी बघितली. मग आजीलाच हळूच, "सुई टोचणार?"

संध्याकाळी आपणहून मांडीवर डोकं ठेवलं, झोपली. दत्तू विचारून गेला, "ताई, सकाळच्या गाडीनं जानार का?" मांडीला मुंग्या आल्यात. हलले नाही. त्याला अजून काही सांगितलेलं नाही.