बाबांचा सभात्याग

कोपरखैरणे,
रविवार, १२ जानेवारी २०२५

ती. आत्यास,
क्रांतीचा स. जयभीम. वि. वि.

पत्र बघून घाबरू नकोस, सगळे धडधाकट आहेत. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि हे प्रकरण ओरडून सांगण्यासारखं नाही. बारावीनंतर पहिल्यांदाच एवढं हाताने लिहितेय, अक्षर चालवून घे.

आधी गोड बातमी. लग्नाची तारीख पक्की झाली, रविवार, २ मार्च. हॉल इथलाच, आपल्या सेक्टरमधला. तू आठ दिवस आधी यायचंस. शिरवण्याहून अभयची आई येऊन साडीचं बोलून गेली. अभय बरा आहे. फक्त माझी लॅबमधली मैत्रीण सोनम त्याच्यावर संशय घेते, कारण तो कुठेच नाही. फेसबुक नाही, इन्स्टा नाही, काही नाही. ती म्हणते, असा मुलगा एक तर साधू असतो नाहीतर त्याचं आधीच लग्न झालेलं असतं. मी त्याला विचारलं, का नाही. तर म्हणाला, कंटाळा. आत्या, मी दिवसाला चार स्टोऱ्या टाकते. माझ्यासाठी कंटाळा हे कारण असूच शकत नाही. पण दुसरं काही सापडत पण नाहीये.

आता बाबा. गुरुवारी बाबा मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून बाहेर पडले. वाडीतले मुंबईला आलेले सगळे त्या ग्रुपमध्ये, गावचे निम्मे त्यात, आणि बावीस वर्षांचा चिटणीसच बाहेर. बरं, गपचूप नाही. आधी लिहिलं, "अपरिहार्य कारणास्तव मी सभात्याग करीत आहे. अध्यक्षांनी नोंद घ्यावी. जयभीम." आणि गेले. तेव्हापासून माझा फोन वाजतोय. कोण विचारतं बीपी वाढलं का, कोण विचारतं माझं लग्न मोडलं का.

तुला माहीत नसेल म्हणून सांगते. मंडळाच्या बैठका आता फारशा होतच नाहीत, जे काय ठरतं ते ग्रुपवर. म्हणून बाबांनी ग्रुपलाच सभा मानलं. इतिवृत्ताच्या रजिस्टरमध्ये ते ग्रुपवरचा एकेक मेसेज हाताने उतरवून काढायचे. सगळा. "सकाळी ६.१२. श्री. कोंडिबा यांनी गुलाबाचे फूल सादर केले. ६.१५. श्री. हितेश यांनी दोन हात जोडले." मी हसून हसून मेले होते. म्हटलं बाबा, गुड मॉर्निंग कशाला लिहिता? तर म्हणाले, सभेत बोललेलं वगळायचा अधिकार चिटणिसाला नसतो.

बाहेर का पडले, ते सांगत नाहीत. हितेशदादा येऊन गेला, तो ग्रुपचा ॲडमिन. मी चहा ठेवत होते तेवढ्यात दोघांचा आवाज चढला. मला एवढंच कळलं की रजिस्टरमधलं काहीतरी खोडा असं तो सांगतोय आणि बाबा नाही म्हणतायत. जाताना मला म्हणाला, "तूच समजाव. चिटणीस ग्रुपात नसेल तर लग्नाचा निरोप मंडळ टाकणार कसा?" तो वाईट नाही गं, मंडळाची सगळी धावपळ तोच करतो. पण निरोप पडला नाही तर दिव्यापासून विरारपर्यंत दीडशे घरं आम्ही दोघांनी कशी करायची? बौद्धाचार्य मंडळाचे, भांडी मंडळाची. आई नाही, निदान वाडी तरी पाठीशी हवी ना.

तुझं ते ऐकतात. दोन ओळी लिही त्यांना. खोडा म्हणावं जे काय आहे ते, आणि ग्रुपमध्ये परत या.

माया आहे तेवढीच राहू दे, मी ती कमी करण्यासारखं वागत असले तरी.

तुझी,
क्रांती

---

तळेवाडी,
१९ जानेवारी

चि. सौ. कां. क्रांतीस,
आत्याचा आशीर्वाद आनि जयभीम. वि. वि.

पत्र पोचलं. पोस्टमन पन चकित झाला. म्हनाला, बाई, बँकेचं नाय, मानसाचं हाय. तारीख ऐकून बरं वाटलं. आता दोन मार्चपर्यंत उन्हात फिरू नको आनि लॅबमधलं कायबाय हाताला लावून घेऊ नको.

नवऱ्याचं काय ते मनातून काढ. ज्याचा फोटो कुठं दिसत नाय तो मानूस घरात दिसंल. तुझ्या त्या सोनमला सांग, आमच्या टायमाला कोनाचाच फोटो नव्हता, तरी लबाड होते ते होतेच.

भगवान लहानपनापासून असाच. शाळेत मास्तरांनी फळ्यावर चुकीचं लिहिलं तर हा वहीत चुकीचंच लिहायचा. म्हनायचा, फळ्यावर हाय ते वहीत. म्या त्याला वेगळी चिठी लिहिली हाय, पाकिटात हाय ती त्याला दे. लिहिलंय की तुझ्या पोरीच्या लग्नापुढं वही मोठी नाय, काय असंल ते खोड आनि परत ग्रुपात बस. माझं ऐकंल.

हितं सगळं बरं. आंब्याला मोहोर हाय. जुन्याच पायावर नवीन विहाराची भिंत आली वर, आता संगमरवरी पाटी बसायची, त्याच्यावर नावं. त्यावरनं आठवलं, मी पन एक उद्योग केला तुमच्या ग्रुपात. हसू नको. आमच्या बायांची नावं काय मंडळात नाय, सभासद पुरुष. मग कोंडिबाचा फोन माझ्या घरी चार्जिंगला होता, त्याच्या सुनेला म्हटलं लिही. पाटीबद्दल एक शब्द लिहून घेतला. खाली माझं नाव टाकायला लावलं, चोरून बोलायची सवय नाय मला. मग चार दिवस वाट बघितली. कोन कायच बोलंना. कोंडिबाला विचारलं, तर म्हनला रेंज नव्हती, तो गेलाच नाय. माझं नशीब. मी बोलायला उठले आनि टावर बसला.

गुडघा बरा हाय. पापड करून ठेवते, येताना आनीन.

जीव लावतेस तसाच लावत रहा, आमी हितं त्याच्यावरच हाव.

तुझी आत्या,
दुर्गाबाई

---

कोपरखैरणे,
२६ जानेवारी

ती. आत्यास,
स. जयभीम. वि. वि.

हे पत्र मी तीनदा फाडलं. कसं लिहू कळत नाही, म्हणून जसं घडलं तसंच लिहिते.

तुझी चिठ्ठी बाबांना दिली. त्यांनी ती दोनदा वाचली, चष्मा पुसला, परत वाचली. मग रजिस्टर काढलं आणि पेनाचं टोपण काढून बसले. मला वाटलं, सुटलो. दहा मिनिटं झाली तरी पेन कागदाला लागेना. मी म्हटलं बाबा, एक रेघ तर मारायचीय. तर रजिस्टर माझ्याकडे सरकवलं आणि म्हणाले, "बाय म्हणते तर खोडतो. पण कोणाचं खोडायला सांगतेय, ते तिला ठाऊक आहे का, विचार."

पान जसंच्या तसं उतरवतेय:

"दि. ६ जानेवारी. दुपारी १.०५. श्री. कोंडिबा यांच्या दूरध्वनीवरून पुढील निवेदन आले: वाडीतल्या बायांचा सगळ्यांना जयभीम. विहाराच्या पाटीवर नावं टाकताना त्र्याऐंशी साली पाया भरला त्या चौदा बायांची नावं पण टाकावी. दगड आमी वाहिले. नावं मी सांगते. दुर्गाबाई. — दुपारी २.४०. सदर निवेदन ॲडमिन श्री. हितेश यांनी काढून टाकले. कारण नमूद नाही."

आत्या, रेंज होती. मेसेज आला होता. दीड तास ग्रुपवर होता, बऱ्याच जणांनी वाचला असणार, आणि मग काढला. कोंडिबाकाका तुला खोटं बोलले. तुला वाईट वाटू नये म्हणून, की त्यांना कोणी दम दिला म्हणून, मला माहीत नाही.

मी हितेशदादाला भेटले. तो वाशीला आला होता तिथेच गाठलं. म्हणाला, पाटी आधीच कोरायला दिलीय, आता कोणाकोणाची नावं घालत बसू, आणि बायकांचा विषय असेल तर महिला मंडळाचा वेगळा ग्रुप आहे. ग्रुपवरून काढलं ते काढलं, सगळ्यांच्या फोनमधून गेलं, भांडण मिटलं. मग एका वहीत ते कशाला ठेवायचं? मला त्याचं म्हणणं ऐकताना पटत होतं. बाहेर आल्यावर पटेना. मी पण स्टोऱ्या टाकते आणि डिलीट करते. त्यात कोणाचं काय जातं?

९ फेब्रुवारीला, रविवारी, रमाई जयंतीच्या कार्यक्रमाला सगळे समाजमंदिरात जमणार. हितेशदादा म्हणतो तोपर्यंत पान साफ करा, तो स्वतः बाबांना ग्रुपमध्ये घेईल आणि निरोप टाकेल. बाबा म्हणतात, बाय सांगेल तसं. मला आधी एकच हवं होतं, बाबांनी खोडावं. आता मी काय मागतेय तेच मला कळत नाही. माझंच लग्न आहे आणि मीच गोंधळलेय. तू सांग. स्पीड पोस्टने सांग.

रागावलीस तरी पत्रातून रागाव, अबोला नको धरू.

तुझी,
क्रांती

---

तळेवाडी,
१ फेब्रुवारी

चि. क्रांतीस,
आशीर्वाद. वि. वि.

कोंडिबाच्या दारात जाऊन आले. विचारलं, रेंज नव्हती ना रे? दोन दिस झाले, माझ्या अंगनावरनं जात नाय, मागनं जातो. त्याचा राग नाय मला. पन बघ, रेंज नव्हती म्हनून मी गप बसले होते. गेलाच नाय आनि गेल्यावर काढला, ह्याच्यात फरक हाय. तो फरक घेऊन मला झोप लागंना.

तुला सांगते. पाया भरताना आमच्यातली पुतळा पोटुशी होती. सातव्या महिन्यात. तरी दगडांची पाटी डोक्यावर घ्यायची. गोजरा गानी म्हनायची. आमचे पुरुष मुंबईला, कारखान्यात. मग दगड कोन वाहनार? चौदातल्या नऊ गेल्या. त्या काय पाटी वाचायला येनार नाय. मी पन किती दिस वाचनार.

म्हनून सांगते, खोड म्हनावं. माझे शब्द हायत, मी सांगते खोड. तुझं लगीन एकदाच. दीडशे दारं हिंडून हळदीच्या पोरीनं पाय दुखवायचं नाय. खोडलं म्हनून मला राग यायचा नाय. आला तर मी सांगनार नाय.

आनि गोजराच्या लेकाला सांगितलंय, येताना मला एक मोबाईल आन. बटनांचा नको, तुमच्यासारखा. शिकंन. मागं अंगनवाडीची नोंदवही शिकले तसं. महिला मंडळात नको, मला त्या मोठ्या ग्रुपात घ्या. तू विचारशील कशाला आता, जे झालं त्यानंतर? ते मला पन नीट सांगता येत नाय. भगवानला नको वाटतं आनि मला पायजे वाटतं, आमी एकाच आईची.

येतेच हाय. मंडळ येवो न येवो.

तुमच्या घरात माझी जागा हाय ती तेवढी राखून ठेव.

तुझी आत्या,
दुर्गाबाई

---

कोपरखैरणे,
सोमवार, १० फेब्रुवारी

ती. आत्यास,
स. जयभीम. वि. वि.

निकाल विचारशील म्हणून आधीच सांगते, निकाल मला माहीत नाही. विषय तहकूब झाला. बाबा अजून ग्रुपच्या बाहेर आहेत. निरोप पडलेला नाही. आज आम्ही दोघं पत्रिका घेऊन घणसोलीतली सहा घरं करून आलो. दोन घरी चहा मिळाला, एका घरी नुसतं पाणी. तीन घरं बंद होती, म्हणजे आतून टीव्ही चालू होता.

तुझं पत्र बाबांनी वाचलं आणि मी म्हटलं, आता तर बायने सांगितलं, खोडा. तर म्हणाले, खोडतो, पण इतिवृत्त घरात बसून खोडत नाहीत. सभेत वाचायचं, सभा म्हणेल तर खोडायचं. पद्धत आहे. मी डोक्याला हात लावला.

काल समाजमंदिर भरलं होतं. रमाईच्या फोटोला हार घातला, वंदना झाली, मुलींची भाषणं झाली. मग बाबा रजिस्टर घेऊन उठले. अध्यक्ष म्हणाले थोडक्यात घ्या. बाबा म्हणाले थोडक्यातच आहे, मागच्या बैठकीपासूनचं वाचतो. आणि सुरू झाले, नोव्हेंबरपासून. "सकाळी ६.१२. श्री. कोंडिबा यांनी गुलाबाचे फूल सादर केले." सगळं समाजमंदिर हसलं. दुसऱ्या फुलाला पण हसलं. विसाव्या फुलाला कोणी हसेना. बाबांचा आवाज तुला माहिती आहे, ना वर ना खाली. वाचतायत आपले. कोणी कोणाला वाढदिवसाचा केक दाखवला. कोणी रडणारं तोंड पाठवलं, कारण नमूद नाही. मग आलं, अमुक सभासदाने कळविले की पत्नी दवाखान्यात आहे, रक्त लागेल. त्यावर चार अंगठे दाखविण्यात आले. आणि पुढच्या ओळीत श्री. हितेश यांनी दोन हात जोडले. तो सभासद पुढच्याच रांगेत बसला होता. लोक चपलांकडे बघायला लागले. मला तेव्हा कळलं की आपण तिथे काय काय बोललो, ते कोणी मोठ्याने वाचून दाखवेल असं आपल्याला वाटलेलंच नसतं.

मी कोपऱ्यात उभी राहून शूटिंग करत होते. खरं सांगते, रीलसाठी. सोनमने सांगितलं होतं, हे व्हायरल जाईल.

तासाभराने तुझं पान आलं. त्याच आवाजात वाचलं. दगड आमी वाहिले. नावं मी सांगते. पुढे हितेशदादाचं नाव, २.४०, कारण नमूद नाही. मग रजिस्टर मिटलं नाही, बोट ठेवून उभे राहिले आणि म्हणाले, "हे निवेदन जिचं आहे, तिचं म्हणणं की खोडावं. पत्र माझ्याजवळ आहे. आता सभा सांगेल. ठेवायचं असेल त्यांनी हात वर करावा."

कोणी केला नाही. बाबांनी सगळ्या रांगा बघितल्या, मागे बायका बसल्या होत्या तिथपर्यंत. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "एक."

आत्या, माझा हात वर होता कारण त्यात मोबाईल होता.

हितेशदादा लगेच म्हणाला, ती शूटिंग करतेय, आणि ती सभासद पण नाही. बाबा म्हणाले, हात दिसतोय. आणि लिहिलं. सगळे वळून माझ्याकडे बघायला लागले. मी सांगू शकले असते की चूक झाली. निरोप पडला असता, भांडी आली असती, दीडशे घरांची पायपीट वाचली असती. मी तोंड उघडलं पण. काय बोलणार होते ते आता आठवत नाही.

त्यानंतर मागून काही हात वर आले, पुढून पण आले, किती ते कळलं नाही. व्हिडिओत पण दिसत नाही, नुसतं छत आणि कोणाचा तरी खांदा दिसतो. गलका झाला आणि अध्यक्षांनी विषय पुढच्या बैठकीवर ढकलला. ते रील मी टाकलेलं नाही. डिलीट पण केलेलं नाही. का, ते विचारू नकोस, अभयने पण विचारलं नाही.

एवढंच नक्की आठवतं. सगळे बघत होते तेव्हा माझा हात दुखायला लागला होता. मी मोबाईल डाव्या हातात घेतला. उजवा तसाच वर ठेवला.

तू लवकर ये, जागा राखून ठेवलीय. आणि माझ्यावर जेवढा जीव आहे, त्यातला थोडा बाबांना पण दे, त्यांनी मागितला नाही तरी.

तुझी,
क्रांती